सुपरकंडक्टर डेमो किट: चकती झकास, बॉक्सवरची जाहिरात फालतू

रत्नागिरीत कॉलेजच्या फिजिक्स लॅबसाठी मागवलं. आत वायबीसीओची (इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग, पुरेसं गार केलं की सुपरकंडक्टर होतं, म्हणजे वीज विनारोध वाहते) काळी चकती, नियोडिमियम मॅग्नेट, प्लास्टिकचा चिमटा, थर्माकोलची वाटी आणि एक पुस्तिका. लिक्विड नायट्रोजन आपला आपण आणायचा. गुरांच्या कृत्रिम रेतनाला लागतो तो हाच, तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात ओळख काढा. ७७ केल्विनला चकती गार झाली की मॅग्नेट वर असा काही अडकतो की बोटाने टिचकी मारली तर गरागरा फिरतो पण जागा सोडत नाही, पोरं जाम खूश.

आता तक्रार. बॉक्सवर ठळक अक्षरात '१००% प्युअर'. अरे तूप विकताय का? मॅग्नेट इतका घट्ट धरला जावा म्हणून तर अशा चकत्यांत दुसऱ्या एका हिरव्या इट्रियम संयुगाचे बारीक कण मुद्दाम ठेवतात, मॅग्नेटच्या फील्डच्या रेषा तिथेच अडकून बसतात. उलट तांब्याच्या जागी जरासं झिंक घुसलं की साधारण ९२ केल्विनचा टीसी (ज्या तापमानाच्या खाली चकती सुपरकंडक्टर होते तो) धडाधड खाली, आणि झिंक स्वतः मॅग्नेटिकसुद्धा नाही! शिसं, ॲल्युमिनियमसारख्या जुन्या सुपरकंडक्टरना असली भेसळ फारशी जाणवत नाही.

पुस्तिकेतलं उष्णतावहनाचं पान मात्र पैसे वसूल. टीसीच्या खाली शुद्ध क्रिस्टलमध्ये उष्णतावहन वाढून उंचवटा दिसतो, झिंक टाकलं की तो चपटा होतो, इथवर कुणालाही पटेल. पण १ केल्विनच्या बरंच खाली गेलं की गंमत. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात आणि जोडी मोडायला लागणारी किमान ऊर्जा म्हणजे गॅप. वायबीसीओत काही दिशांना ही गॅप शून्य असते, त्यामुळे भेसळीने जोड्या मोडून मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात आणि त्याच भेसळीला धडकून त्यांची धाव तेवढीच कमी होते, म्हणजे हिशेब बरोबर! १९९७ साली लुई तायफर आणि सहकाऱ्यांनी झिंकचं प्रमाण बदलून मोजलं तर उष्णतावहनातला इलेक्ट्रॉनांचा वाटा जवळपास जागचा हलला नाही. हे आत छापायचं आणि बाहेर '१००% प्युअर', कमाल आहे. हा १ केल्विनखालचा प्रयोग ७७ केल्विनच्या नायट्रोजनवर होत नाही हेही लिहायला हवं होतं, पोरं विचारत बसतात.

कोकणातल्यांसाठी खास: ओलाव्याने ही चकती खराब होते आणि नायट्रोजनमधून काढली की तिच्यावर लगेच पाणी धरतं. ड्रायरच्या कोमट हवेने नीट सुकवा, मग सिलिका जेल घालून एअरटाइट डब्यात. किटमध्ये पुडी एकच, ती पण फाटकी. ३ स्टार.