जुनं लीव्हरचं कॉफी मशीन घेताय? आधी सेफ्टी व्हॉल्व्ह बघा

ज्याने मला गंडा घातला त्याची जाहिरात पुन्हा झळकली आहे. नाव दुसरं, शहर दुसरं, फोटो मात्र तेच: ला पावोनी प्रोफेशनल, म्हणजे हाताने दांडा दाबून एस्प्रेसो काढायचं इटालियन मशीन, लखलखतं क्रोम, लाकडी मूठ आणि खाली ‘इटलीहून आणलेलं, 2004चं मॉडेल, एकदम चालू स्थितीत’. ही मशीनं आपल्याकडे सहजासहजी मिळत नाहीत, म्हणजे कुणीतरी घेणारच. त्या कुणाच्या तरी नजरेस पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे. इथे प्रश्न फक्त पैशांचा नाही, भाजण्याचा आहे.

या मशीनला पंप नसतो. बॉयलरमध्ये वाफेचा दाब साधारण 0.7 ते 0.9 बार असतो. दांडा वर उचलला की त्या दाबाने गरम पाणी ग्रुपमध्ये, म्हणजे कॉफी बसवायच्या पुढच्या भागात, येऊन कॉफीवर भरतं. पुढचं काम तुमच्या हाताचं, दांडा खाली रेटून सहा ते नऊ बारचा दाब तुम्हीच देता. म्हणूनच या कॉफीचा नाद लागतो. पण बॉयलर हे शेवटी पितळेचं बंद भांडं आहे आणि 0.8 बारला आतलं पाणी 117 अंशांच्या आसपास तापलेलं असतं. दाब राखणारा प्रेशरस्टॅट अडकला, तर फुटण्यापासून वाचवतो तो जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह.

विक्रेता बोलायला अतिशय गोड. “ताई, घरचंच मशीन समजा, मी रोज यावरच कॉफी पितो.” त्याने व्हिडिओ पाठवले. एकात दाबमापकाचा काटा 0.8 वर स्थिर, दुसऱ्यात कपात दाट सायीसारखा फेस. तुकडे वेगवेगळे होते; मशीन थंड असल्यापासून कॉफी पडेपर्यंत सलग असं काहीच नव्हतं. मशीनचे पन्नास हजार आणि वर ‘ॲक्सेसरीजचा पूर्ण सेट’ म्हणून बारा हजार ठरले. सेटमध्ये तळ नसलेला पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारा मुठीचा भाग), 51 मिलिमीटरचा टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा), जादा बास्केट (कॉफी भरायची जाळीची वाटी) आणि ‘ओरिजिनल इटालियन’ गॅस्केट (रबरी रिंग). अर्धे पैसे आधी, उरलेले कुरिअरची पावती दाखवल्यावर, सगळे यूपीआयने.

खोकं उघडलं आणि पहिली नजर दाबमापकावर गेली. मशीन गार, वायर गुंडाळलेली, बॉयलर रिकामा, आणि काटा 0.8 वर. काच टिचकीने वाजवून पाहिली, काटा हलला नाही. व्हिडिओतला तो स्थिर दाब हा असा होता. मी वायर प्लगला लावलीच नाही. भोसरीत पितळी फिटिंगची कामं करणारे एक लेथवाले काका ओळखीचे आहेत, मशीन थेट त्यांच्याकडे नेलं. त्यांनी सेफ्टी व्हॉल्व्ह खोलून माझ्या तळहातावर ठेवला. आत स्प्रिंगच्या जागी बोल्टचा कापलेला तुकडा बसवला होता आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली होती. व्हॉल्व्हमधून वाफ गळत असणार, त्यावर हा इलाज! काका एवढंच म्हणाले, “हे चालू केलं असतंत तर दाब जाणार कुठे होता?” बॉयलरच्या बुडाशी एमसील भरून वरून चंदेरी रंग मारलेला होता. प्यायच्या पाण्याच्या भांड्यात एमसील. विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

आता ‘2004चं मॉडेल’. ला पावोनीने 2000च्या सुमारास ग्रुप बदलला. त्याआधीच्या मशीनची बास्केट 49 मिलिमीटरची, नंतरच्यांची 51ची. काकांनी व्यास मोजायचा व्हर्नियर लावला तर 49 भरले. म्हणजे मशीन जुन्या पिढीचं, आणि सेटमधला टॅम्पर त्याच्या बास्केटमध्ये शिरतच नव्हता. पोर्टाफिल्टर बसेना, गॅस्केटही नव्या ग्रुपची. त्या गॅस्केटला टायरच्या दुकानासारखा वास येत होता; अशा रबरावरून 90 अंशांचं पाणी कपात घ्यायचं का, हा विचारायचा प्रश्नच नाही. ॲक्सेसरीज विकणारे सर्रास ‘सगळ्या ला पावोनीला बसेल’ असं लिहितात. ते खोटं आहे. बास्केटच्या आतल्या व्यासावर मोजपट्टी धरलेला फोटो मिळाल्याशिवाय टॅम्परसुद्धा घेऊ नका, आणि कॅफेच्या मशीनचा 58चा टॅम्पर तर इथे कामाचाच नाही.

जुनं मशीन घ्यायचंच असेल तर सलग, न कापलेला व्हिडिओ मागा: थंड मशीन, काटा शून्यावर, स्विच चालू, काटा चढतोय, वाफेची नळी उघडल्यावर उतरतोय. रिकामा दांडा वर-खाली करताना पिस्टनच्या दांड्याभोवती पाणी झिरपतं का ते जवळून दाखवायला सांगा. झिरपत असेल तर गॅस्केट गेली, हा खर्च किरकोळ आहे, त्यासाठी नाही म्हणू नका. तळाखालच्या, व्होल्टेज लिहिलेल्या पट्टीचा फोटो घ्या. अमेरिकेतून आलेलं मशीन 120 व्होल्टचं असू शकतं. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र हातात घेऊनच तपासा, किंवा नवा बसवल्याशिवाय मशीन तापवू नका. आणि दाब असताना बॉयलरचं झाकण कधीही उघडू नका, अगदी नव्या मशीनचंसुद्धा. आधी बंद करा, नळीतून वाफ सोडा, काटा शून्यावर येऊ द्या.

मी विक्रेत्याला व्हॉल्व्हचा फोटो पाठवला. “कुरिअरमध्ये झालं असेल” असं उत्तर आलं, मग नंबर ब्लॉक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर क्राइमच्या पोर्टलवर चॅट, पावत्या आणि काकांनी लिहून दिलेला कागद जोडला. या नंबरावर लगेच फोन केला तर समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. माझ्या वेळी खातं आधीच रिकामं झालं होतं. नव्या जाहिरातीचे स्क्रीनशॉटही त्याच तक्रारीला जोडायला दिले आहेत. बोल्टचा तो तुकडा पुरावा म्हणून जपून ठेवला आहे. याच माणसाकडून कुणी मशीन घेतलं असेल, तर ते आज तापवू नका, आधी व्हॉल्व्ह खोलून घ्या.