जुनं घर: पाडायचं की शाकारायचं?

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातली कौलं उडवली, तेव्हापासून आमच्याकडे हाच वाद. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) कौलारू घर राखायचं की पाडून स्लॅब टाकायचा?

पाडा म्हणणारे खोटं बोलत नाहीत. स्लॅबला दरवर्षी शाकारणी, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट लावणं, नको, माकडांची भीती नको. शिवाय मुलं मुंबईला, घर दहा महिने बंद, आणि एक वासा बदलायचा तर सगळ्या भावकीला विचारा!

पण मे महिन्यात दुपारी आमच्या माजघरात येऊन बघा. जांभ्याची जाड भिंत ऊन आत घेत नाही, गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. शेजारच्या स्लॅबखाली रात्री दहालाही तव्यावर बसल्यासारखं होतं. खाऱ्या हवेने आतलं लोखंड गंजतं, पोपडे सुटतात, मग पावसासाठी वर पत्र्याची शेड येतेच. म्हणजे छपरावर छप्पर. कौल फुटलं तर तेवढंच बदलता येतं.

छपराचा भार पेलणारं आढंच वाळवीने पोखरलं असेल तर मीही हट्ट धरणार नाही. पण नुसती कौलं उडाली म्हणून जेसीबी बोलावणं मला पटत नाही. निघालेले सागवानी खांब नंतर कुठल्यातरी रिसॉर्टच्या दारात दिसतात.