देवगिरी–खुलताबाद सहल: एक अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरहून निघणारी एका स्थानिक मार्गदर्शकाची देवगिरी–खुलताबाद सहल नुकतीच केली. १६३३ मध्ये मुघल सरदार महाबतखानाने वेढा घालून दौलताबादचा, म्हणजेच देवगिरीचा, किल्ला जिंकला आणि तीनच वर्षांत अहमदनगरची निजामशाही संपली, हा मुघलांच्या दक्षिणेतील विस्ताराचा टप्पा मार्गदर्शकांनी खंदक, अंधारी (किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग) आणि मेंढा तोफ दाखवत इतक्या नेमकेपणाने उलगडला, की चढणीचा शीण जाणवलाच नाही. खुलताबादेत निजामशाहीचा वजीर मलिक अंबरच्या घुमटाकार मकबऱ्यानंतर औरंगजेबाची उघड्यावरची साधी कबर पाहताना, १६८१ ते १७०७ अशी अखेरची पंचवीस वर्षे दख्खनच्या मोहिमांतच घालवलेला हा बादशहा वेगळाच भासला. पाणचक्की मात्र घाईत उरकली, शिवाय जेवणातली भाकरी गार होती. उन्हाळ्यात सकाळचीच फेरी निवडावी.