छोट्या बोटीवर पेट्रोल कुठे ठेवायचं, इंजिनावरच्या टाकीत की वेगळ्या टाकीत?

चार-सहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं इंजिन, घ्यायला निघालात की हा प्रश्न येतोच. एक तर इंजिनाच्या डोक्यावरच लिटर-सव्वा लिटरची टाकी, नाहीतर बोटीत ठेवायची बारा लिटरची सुटी टाकी आणि तिची नळी. मी दोन्ही वापरल्यात आणि एकीकडे झुकलोय, त्यामुळे थोडं एकतर्फी वाटलं तर सांभाळून घ्या.

इंजिनावरच्या टाकीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच आहे. नळी नाही, पेट्रोल चढवायला हाताने दाबायचा नळीवरचा रबरी बल्ब नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं, कॉक उघडा, झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा, दोरी ओढा, निघालात. पायात काही येत नाही. शिवाय एवढ्याशा टाकीत पेट्रोल कधी शिळं होत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनाभर पडून राहिलं की हवेतला ओलावा ओढतं, फार ओढला की पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि नळीचं तोंड नेमकं तळाशीच असतं, ही डोकेदुखी इथे जवळपास नाही.

पण हिशोब बघा. सहा हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण वेग दिला की, तासाला साधारण दोन-अडीच लिटर पितं, म्हणजे सव्वा लिटर अर्ध्या तासात खलास. अर्ध्या थ्रॉटलवर बरंच जास्त पुरतं, मान्य, पण समोरून वारा किंवा उलटा प्रवाह असेल तर थ्रॉटल अर्ध्यावर राहतो कुठे? म्हणजे पाण्यातच पेट्रोल भरायची वेळ येणार. आणि माझं घोडं नेमकं इथेच अडलं.

पाण्यात भरायचं म्हणजे काय ते सांगतो. आधी इंजिन बंद, कारण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतायचं नसतं, मग ते निवेपर्यंत बोट वारा नेईल तिकडे वाहत राहते, जवळ खडक असतील तर आधी नांगर टाकायचा नाहीतर वल्ही काढायची. मग मागच्या सीटवर एक गुडघा टेकवून इंजिनाच्या फळीवरून बाहेर वाकायचं, तुमचं वजन मागे गेल्यामुळे बोटीची मागची बाजू दबते, शेजारून कुणी जोरात गेला की त्याची लाट आत यायला बघते. एका हाताने नरसाळं धरायचं, दुसऱ्याने कॅन कलंडायचा, स्वतःला धरायला तिसरा हात नाही. कॅन गचके देत ओततो, थोडं कव्हरवरून ओघळतं, पाण्यावर रंगीत तवंग पसरतो आणि उरलेला दिवस हाताला वास. संथ तळ्यात हे सगळं चालून जातं हो, पण जरा हिंदकळायला लागलं की मला तरी नको वाटतं.

सुटी टाकी हे काम किनाऱ्यावर नेते, बोटीतून बाहेर काढून जमिनीवर ठेवून भरायची. बोटीत भरू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बुडाशी साचते. काठोकाठही नको, उन्हात पेट्रोल फुगतं. बारा लिटर असले की चार जायला, चार यायला, चार शिल्लक असा साधा हिशोब मांडता येतो, सव्वा लिटरचे तीन भाग करून काय होणार! आणि किती उरलंय ते टाकी उचलली की हाताला कळतं, बारा लिटर म्हणजे नऊ किलोच्या आसपास. नळी लांब असेल तर तेच वजन पुढे सरकवा, एकटे मागे बसलेले असाल तर वर उठलेलं नाक खाली येतं.

कटकटी हिच्याही आहेत. झाकणावरचा स्क्रू उघडायचा राहिला तर इंजिन मजेत सुरू होतं आणि थोड्या वेळाने गुदमरून बंद पडतं, बल्ब बघावा तर चपटा. उलट बोट उन्हात लावून ठेवताना स्क्रू बंद करायचा आणि नळी इंजिनापासून काढून ठेवायची, नाहीतर फुगलेली टाकी पेट्रोल इंजिनात ढकलत बसते. नळी इंजिनाला जोडणाऱ्या कनेक्टरची रबरी रिंग झिजली की नळी हवा ओढते, मग हळू चालवलं तर ठीक, थ्रॉटल दिला की इंजिन मान टाकतं. एक जादा रिंग खिशात ठेवा. पेट्रोल शिळं होण्याचा मुद्दा राहतोच, म्हणून फेरी छोटी असेल तर मी अर्धीच भरतो. पण यातलं बहुतेक सगळं निघण्याआधी तपासता येतं, बल्ब त्याच्यावरचा बाण वर करून धरा, टणक होईपर्यंत दाबा, स्क्रू बघा, झालं.

नांगरलेल्या मोठ्या बोटीपासून किनाऱ्यापर्यंत ये-जा एवढंच काम असेल तर मात्र इंजिनावरची टाकी घ्या, उगाच नळीचं लोढणं कशाला. आणि ठरत नसेल तर दोन्ही सोय असलेलं इंजिन बघा, पाच-सहा हॉर्सपॉवरमध्ये मिळतं, मग छोटी टाकी रिझर्व्हसारखी भरलेली राहते. दोन-तीन हॉर्सपॉवरच्या बऱ्याच इंजिनांना मात्र पेट्रोल खेचणारा पंपच नसतो, तिथे सुटी टाकी नंतर जोडू म्हणून चालत नाही, तेव्हा पैसे देण्याआधी नळी जोडायचं तोंड आहे का ते कव्हरखाली डोकावून बघा.