ऑफेन्सिव्ह लाइन बघायची असेल तर गेम पास घ्या

मी डॅझोनवरचा एनएफएल गेम पास (अमेरिकन फुटबॉल लीगचे सामने ऑनलाइन दाखवणारी सेवा) घेतला तो ऑफेन्सिव्ह लाइनसाठीच, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांसाठी. मुंबईत रविवारचे सामने रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात आणि सोमवारी मला सकाळची दादर लोकल गाठायची असते, त्यामुळे ४० मिनिटांची संक्षिप्त आवृत्ती फारच सोयीची. ही लाइन म्हणजे चेंडू मागे देणारा सेंटर, त्याच्या बाजूला दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. सेंटर सोडला तर यांचा चेंडूशी क्वचितच संबंध, पण हे कोसळले की सगळंच कोसळतं. २०२१च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल नव्हते. माहोम्ससारखा क्वार्टरबॅक सामनाभर जीव घेऊन पळत होता. निकाल ३१-९, हार! फिलाडेल्फियाचा टॅकल मायलाटा मूळचा ऑस्ट्रेलियातला रग्बी खेळाडू, २०१८च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पार सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत निवडलेला. प्रत्येक प्ले (चेंडू सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा डाव) मागे घेऊन मी त्याचे पाय बघते.