गावरान नाचणी, १ किलो: फ्रीझरमधून काढूनही मोड आले

मी चिपळूणला घरच्या घरी मोडाच्या नाचणीचं पीठ करून विकते. त्यामुळे नाचणी घेताना रंग नंतर, आधी मोड. या पाकिटावर छापलंय, 'कीड लागू नये म्हणून फ्रीझरमध्ये ठेवा.' वाचून धास्तावलेच. गोठलेला दाणा कसला रुजतोय!

म्हणून अर्धी डब्यात ठेवली, अर्धी फ्रीझरमध्ये. तीन आठवड्यांनी दोन्ही रात्रभर भिजवून फडक्यात बांधल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरचुंड्या सोडल्या, तर दोन्हीकडे तांबड्या दाण्यांना सारखेच पांढरे कोंब. नॉर्वेत स्वालबार्डला जगभरचं बियाणं उणे १८ अंशांवर साठवतात, आपला फ्रीझरही साधारण तेवढाच गार. खडखडीत वाळलेल्या दाण्यात बर्फ होण्याइतकं पाणीच नसतं.

पण नुसते कोंब दिसून माझं भागत नाही. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं आणि ते स्टार्च तोडतं; बाळाची पेज पातळ, गोडसर होते ती त्यामुळे. दोन्ही मोड वाळवून, न भाजता दळले. साध्या नाचणीची घट्ट पेज दोन वाट्यांत घेतली, बोट सोसेल इतकी गरम, आणि एकेक चमचा पीठ ढवळलं. दहा मिनिटांत दोन्हीकडे चमच्यावरून धार लागली. (बाळाला द्यायची तर नंतर पुन्हा एक उकळी हवीच.)

गाढवपणा केला तो मीच. एकदा भिजवलेली नाचणी, अचानक गावाला जायचं निघालं म्हणून, तशीच फ्रीझरमध्ये टाकली. परत येऊन दोन दिवस बांधली. कोंब एक नाही, वर आंबूस वास आणि हाताला बुळबुळीत. पाणी प्यालेल्या दाण्यात बर्फ झाला की पेशी फाटतात, मग मेलेला दाणा अमायलेज कुठून करणार? मोड आल्यावर गोठवली असती तर चाललं असतं, एकदा तयार झालेलं अमायलेज गारठ्याने सहसा वाया जात नाही.

तेव्हा पाकिटावर 'कोरडीच ठेवा' एवढं तरी छापा. आणि फ्रीझरमधून काढलेलं पाकीट लगेच फोडू नये, आधी बाहेरच्या हवेला येऊ द्यावं, नाहीतर आतल्या दाण्यांना ओल धरते.

पाचपैकी चार तारे. दाणा भरीव, जुना माल नाही. खडे मात्र निघाले, चिमूटभर का होईना.