अर्धवट सोडलेली पद्मिनी पूर्ण करून देणारं गॅरेज: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून

पैकीच्या पैकी मार्क द्यायचे असं उन्हाळा संपताना जवळजवळ ठरलं होतं. मग पावसात ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओली निघाली आणि पुढच्या काचेचं रबर उचकटून बघितल्यावर आतून व्हिनेगरसारखा वास आला. त्या वासावर खाली बरंच लिहिलं आहे. बाकीचं ज्यांना माहीत आहे त्यांनी सरळ तिथे गेलं तरी चालेल.

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, पेट्रोल. पहिल्या गॅरेजने रंग मारून सोडून दिलेली, दुसऱ्याने पूर्ण केलेली. नावं दोघांचीही देत नाही. दुसरं जळगाव-भुसावळ पट्ट्यात आहे, एवढं पुरे.

अशा गाड्या रंगानंतरच का अडकतात ते आधी समजून घ्या. रंग चमकला की मालक खूश होऊन बहुतेक पैसे देऊन टाकतो. उरतात दारांची लॉक, काच वर-खाली करायच्या मशिनी, बीडिंग (कडांच्या पट्ट्या), वायरिंग, क्रोम. यात दिवस मोडतात, सुटत काही नाही, आणि कुठला स्क्रू कुठला हे गाडी सुटी करणाऱ्या पोराशिवाय कुणाला माहीत नसतं. ते पोरगं तोवर दुसरीकडे कामाला लागलेलं असतं. मग गाडीवर ताडपत्री पडते.

दुसऱ्या गॅरेजचं पहिलं काम मला आवडलं ते यासाठीच. गाडी आत घेण्याआधी मिस्तरीने गोणपाट अंथरून सगळे सुटे भाग मांडले, फोटो काढले, आहे-नाहीची यादी केली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. तिकोनी काचेचा एक लॅच, एका टेललाइटची रिंग आणि वायपरचा एक आर्म गायब असल्याचं तिथेच कळलं. हे भाग आता सहज मिळत नाहीत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या मोडीत निघायच्या तोवर कुर्ल्याच्या भंगार बाजारात काहीतरी हाती लागायचं. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत संपली आणि तो झरा आटला. तेव्हा पहिल्या गॅरेजमधून गाडी उचलताना खोकी नुसती भरून आणू नका, उघडून मोजा. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघा. रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर फॉर्म 25 भरून नूतनीकरणाला गेल्यावर अडकाल.

पैशांचं त्याने टप्प्यांत बांधून दिलं: पत्रा, प्रायमर, रंग, जोडणी. टप्पा बघायचा, मग पैसे द्यायचे. जोडणीचा टप्पा सगळ्यात जड ठेवा. गॅरेजवाला हो म्हणाला तर त्याला गाडी पूर्ण करायची आहे असं समजायला हरकत नाही.

पत्र्याचं काम उत्तम. पहिल्या गॅरेजने दारांखालच्या पोकळ पत्र्यात लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, ठासली होती आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकंही त्याच लांबीने बुजवली होती. लांबी स्पंजासारखं पाणी पिते, आतला पत्रा कुजतो आणि वरचा रंग फुगतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं की कळतं: जिथे पकड सुटते तिथे लांबीचा थर जाड आहे. तीन मिलिमीटरच्या वर लांबी म्हणजे पत्रा ठोकायचा कंटाळा केलेला. इथे पत्रा कापून नवा लावला, तोही गॅस वेल्डिंगने नाही, सीओटूने (तारेच्या विजेच्या वेल्डिंगने), थोडं इकडे थोडं तिकडे करत, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकत नाही. पद्मिनीला खाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दारांखालचा पत्रा कापण्याआधी बॉडीला खालून टेकू हवा आणि दारं जागेवर लटकलेली हवीत. दारं काढून वेल्डिंग केलं की नंतर फटी जुळत नाहीत आणि मग बिजागऱ्या ठोकत बसावं लागतं. माझ्या चारही दारांच्या फटी सारख्या आहेत.

रंगासाठी त्याने दिवाळीनंतरपर्यंत थांबायला लावलं तेव्हा चिडचिड झाली होती. पण खरं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला असतो, थिनर पत्र्यावर पोचायच्या आधीच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग लांबी, मग सरफेसर (घासून गुळगुळीत करायचा थर), मग रंग हा क्रम त्याने मोडला नाही. खर्च वाचवायचा म्हणून मी पीयू (पॉलियुरेथेन) रंगाऐवजी स्वस्त रंग सुचवला, त्याने ऐकलं नाही. बंपर क्रोमिंगला बाहेर पाठवताना तांबं, निकेल, क्रोम असे तिन्ही थर लिहून दिले होते. नुसत्या क्रोमचा थर पावसाळा काढत नाही.

वायरिंगमध्ये एक गोष्ट हमखास चुकते. नव्या रंगावरच अर्थची वायर आवळतात. रंग वीज जाऊ देत नाही, मग हेडलाइट मिणमिणतात आणि पेट्रोलचा काटा उगाच नाचतो. लोक डायनॅमो बदलत सुटतात. अर्थचा बोल्ट जिथे बसतो तिथला रंग खरवडून, चकती लावून, वरून ग्रीस द्यायचं. माझ्या गाडीत हे आधीच केलेलं होतं.

इंजिनबद्दल मत मात्र दोनदा बदललं. मे महिन्यात लिहिलं असतं तर तीन स्टार दिले असते. दुपारी अजिंठ्याचा घाट चढून चहाला गाडी बंद केली की परत सुरू होईना. एसी पंपावर (इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर) ओलं फडकं ठेवून वाट बघायची. गाडी उभी राहिली की वारा थांबतो, मॅनिफोल्डची (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्यांची) धग वर चढते आणि पेट्रोल नळीतच उकळतं. गॅरेजवाल्याने दोष सरळ पेट्रोलवर ढकलला. तो निम्मा बरोबर होता. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा मऊ पडतो, टाकीतला जुना गाळही सुटून फिल्टरमध्ये येतो. पण उरलेला निम्मा दोष नळी टाकण्याचा होता, ती मॅनिफोल्डला जवळजवळ चिकटून गेली होती. शेवटी नळी लांबून वळवली, पंपाखाली जाड बेकलाइटचं पॅकिंग दिलं, नळी आणि पडदा इथेनॉलला टिकणारे टाकले. जूनपर्यंत पुन्हा कुरकुर नाही. मजुरी घेतली नाही, सामानाचे पैसे घेतले.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, त्याने काढून फेकला नाही, याचे वेगळे मार्क. आपल्याकडचे बरेच मेकॅनिक 'गरम होते' म्हणून तो पहिला काढतात. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका असंही त्याने बजावलं. आपल्या भागातल्या जड पाण्याने आत क्षाराचा थर बसतो आणि गरम होण्याचं खरं कारण बऱ्याचदा तेच असतं. हेड ॲल्युमिनियमचं असल्याने एकदा नीट तापलं की वाकतं, मग गॅस्केट कितीही बदला.

आता सिलिकॉन. पुढच्या काचेचं रबर बसवताना त्याच्या पोराने हार्डवेअरच्या दुकानातली खिडक्यांची सिलिकॉनची ट्यूब मारली होती. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. त्या ॲसिडला रंगाला कुठे ओरखडा गेलेला सापडला की तिथून गंज धरतो, आणि काच बसवताना चौकटीच्या कडेला ओरखडा जातोच. शिवाय सुकलं की ते चिकट राहत नाही. गाडी हलते, रबर हलतं, सिलिकॉन रबरापासून सुटतं, फट पडते. त्यातून पाणी आत येऊन डॅशबोर्डाच्या मागून मॅटवर उतरतं. लाखांच्या घरात गेलेल्या कामाला नख लावलं कशाने, तर दोनशे-अडीचशे रुपयांच्या ट्यूबने.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, "जुनी गाडी शे भो, पानी तर यीच." या वाक्यावर बराच वाद झाला. पाणी नेमकं कुठून येतं हे शोधायची रीत सोपी आहे. एक जण आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेरून पाइपची बारीक धार आधी खालच्या कडेला धरतो आणि हळूहळू वर जातो. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच ओघळ दिसतो आणि काहीच कळत नाही. दारांसाठी रबरावर टाल्कम पावडर लावून दार बंद करा, जिथे पावडर पलीकडे उमटत नाही तिथे रबर टेकत नाही. हे त्याच्यासमोर करून दाखवल्यावर पाणी येणारच हा मुद्दा संपला.

काच काढली. खालच्या कडेला, वायपरच्या बाजूला, गंज नुकताच सुरू झाला होता. तो घासून इपॉक्सी मारून, दोन दिवस सुकवून, काच पुन्हा बसवली. या वेळी न सुकणारा ब्यूटाइल सीलर वापरला. रबराच्या खाचेत दोरी घालून, साबणाचं पाणी लावून, आतून दोरी ओढत काच बसवली. रबरही बदललं. आधीचं बाजारातलं साधं रबर एका उन्हाळ्यातच कोपऱ्यांत कडक होऊन तडकलं होतं. ऊन आणि ओझोन सोसायला ईपीडीएम नावाचं रबर लागतं. दुकानदाराकडे तेच नाव घेऊन मागा आणि कोपरे कापून जोडलेले नाहीत, सलग ओतलेले आहेत, हे बघा. मजुरी त्याने माफ केली, रबराचे पैसे मात्र लावले. चूक त्याच्या पोराची, रबर माझ्या खिशातून, हे मला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो रबर तसंही गेलेलंच होतं.

त्यानंतर परतीचा पाऊस दोनदा जोरात झाला, मॅट कोरडी आहे. स्टार चार. पत्रा, रंग आणि इंजिनसाठी मी कुणालाही डोळे झाकून इथे पाठवीन. काचा आणि बीडिंगच्या दिवशी मात्र स्वतः हजर राहा, ट्यूबवरचं नाव वाचा, आणि ब्रेकचे व्हील सिलेंडर (चाकातले, ब्रेक दाबणारे) त्याने बदलले की नुसते धुतले हेही त्याच फेरीत विचारून घ्या. माझे मागचे दोन नुसते धुतलेले निघाले, ते नंतर बदलून दिले.

डिकीचं रबर अजून बाकी आहे. रबर मी आणून देणार, सीलर मी आणून देणार, त्याची फक्त मजुरी, असं बोलणं झालंय. मजुरीचा आकडा अजून ठरायचा आहे.